महारांगेवरचा तेविसावा दिवस

तेविसाव्या दिवशी सकाळी बान ग्युसिकचा पाय बुटात जाईना. रात्रभर तंबूच्या शिवणीतून पाणी झिरपत होतं. बूट भिजून लाकडासारखे कडक झाले होते आणि डाव्या टाचेचा फोड फुटून मोजा जखमेला चिकटला होता. त्याने मोज्यावर कोमट पाणी ओतलं, दात आवळून तो हळूहळू सोडवला, पट्टी चिकटवली. उजव्या गुडघ्याकडे त्याने बघितलंच नाही. बघून काही तो बरा होणार नव्हता.

बाहेर धुकं इतकं दाट होतं, की पाच पावलांवर उकिडवे बसलेले मेंग साहेब म्हणजे नुसता पिवळा रेनकोट दिसत होता. ते भांड्याच्या झाकणावर दगड ठेवून भात शिजवत होते.

"आजही तीन मजली का?" ग्युसिकने विचारलं. वर कच्चा, मध्ये शिजलेला आणि खाली करपलेला, असा तीन मजली भात डोंगरात फिरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी खाल्लेला असतो.

"आज तळघरसुद्धा काढलंय," मेंग साहेब म्हणाले. "गिळ मुकाट्याने."

तिखटात परतलेल्या सुक्या मासळीबरोबर दोघांनी तो गिळला. मग मेंग साहेबांनी पिशवीतून लोकरी मोज्यांची जोडी काढली. कोरडी होती. एवढ्या पावसात त्यांनी ती कशी सांभाळली होती कोण जाणे.

"हे घाल."

"आणि तुम्ही काय घालणार?"

"माझे पाय निबर झालेत रे. मला काही लागत नाही आता."

ग्युसिकने मोजे घातले. गरम मोज्यांचं सुख एवढं मोठं होतं, की बोलण्यातल्या 'आता'कडे त्याचं लक्ष गेलं नाही.

सव्वासहाला ते निघाले. दक्षिणेच्या चिरीसानपासून उत्तरेच्या काटेरी कुंपणापर्यंत देशाच्या कण्यासारखी गेलेली ही डोंगररांग. लोक तिला बेकदूदेगान म्हणतात, म्हणजे महारांग. पुढे दुसऱ्या कोरियात ती तशीच चालू राहते, पण माणसाला कुंपणाशीच थांबावं लागतं. धारेवरून सलग चालायचं म्हटलं तर दोन महिने लागतात. ग्युसिक आणि मेंग साहेब तिसऱ्या आठवड्यातच रोडावले होते.

दोघेही डोंगरातली माणसं नव्हती. ग्युसिकने एकोणीस वर्षं शिवणयंत्रांच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली होती. तयार झालेलं यंत्र त्याच्या टेबलावर यायचं. तो सुईखाली चिंधी घालायचा, डोळे मिटून पेडल दाबायचा आणि ऐकायचा. कुठल्या चकतीला किती तेल कमी पडलंय, हे त्याला आवाजावरून कळायचं. मेंग दुसप हे त्या खात्याचे प्रमुख. त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, मितभाषी, शिस्तीचे. कामगारांच्या घरी मयत झालं तर सगळ्यांच्या आधी पोचणारे.

अठ्ठ्याण्णव साली देशाचंच दिवाळं वाजलं. मे महिन्यात सूचनाफलकावर यादी लागली. खात्यातल्या चाळिसांपैकी एकोणीस नावं. ग्युसिकने आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, टेबलावरचा आपला पेला उचलला आणि घरी गेला. घरी मात्र काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा टाय बांधला, बायकोने दिलेला डबा घेतला आणि शहरामागच्या टेकडीवर जाऊन बसला. तिथे त्याला एकटं वाटलं नाही. झाडाझाडाखाली टाय लावलेले पुरुष बसलेले असायचे, एकमेकांची नजर चुकवत. तिसऱ्या आठवड्यात एका बाकावर मेंग साहेब दिसले. तसाच कोट, तसेच चकचकीत बूट, मांडीवर डबा.

"तुम्ही सुद्धा?" ग्युसिक म्हणाला.

"मी सुद्धा," मेंग साहेब म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी जागा केली.

उन्हाळाभर ते त्या बाकावर बसले. सप्टेंबरात मेंग साहेबच म्हणाले, "बान, बसून बसून मी कुजायला लागलोय. महारांग चालू या?" ग्युसिकने घरी सांगितलं, दोन महिने बुसानच्या कारखान्यात पाठवताहेत. मेंग साहेबांनी घरी काय सांगितलं, ते त्याने विचारलं नाही.

त्या दिवशी पहिले चार तास बांबूच्या झुडपांतच गेले. कमरेएवढी ओली झुडपं, प्रत्येक पाऊल टाकलं की गार पाणी मांड्यांवर. वाट दाखवायला गिर्यारोहण मंडळांनी फांद्यांना बांधलेल्या रंगीत फितींवरच भिस्त होती, आणि धुक्यात फीत दिसायची ती नाकाला लागली म्हणजे. दोनदा वाट चुकली. दुसऱ्यांदा तर ते अर्धा तास उतरत राहिले आणि ओढ्याचा आवाज आला तेव्हा ग्युसिकला कळलं, की आपण धार सोडली. धारेवर चालणाऱ्याने पाणी ओलांडायचं नसतं. पाणी आलं, की समजायचं, चुकलो.

"परत वर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. गुडघ्यात कुणी खिळा ठोकत असल्यासारखं होत होतं. तो तिथेच चिखलात बसला. "साहेब, कशासाठी करतोय आपण हे? कुंपणाला हात लावून काय होणार? तिथे कुणी नोकरी घेऊन उभं आहे का?"

मेंग साहेब एरवी अशा वेळी खेकसायचे. म्हणायचे, ऊठ, रडूबाई. आज त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यासारखा माणूस कुठेही पोट भरेल. ऊठ. खिंडीपर्यंत चल फक्त."

दुपारी पावणेबाराला ते साल्गू खिंडीत उतरले. तिथून डांबरी रस्ता धार ओलांडतो. रस्त्याकडेला एक टपरीवजा उपाहारगृह, दारात उकळतं पातेलं, भिंतीला सार्वजनिक फोन. मालकीण सत्तरीची होती. दोघांच्या अवताराकडे बघून म्हणाली, "काय रे, नदीतून काढलं का कुणी तुम्हाला?" आणि न विचारता माशाच्या वड्यांचा गरम रस्सा दोन वाट्यांत ओतला.

दर चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजता ग्युसिक घरी फोन करायचा. बुसानच्या कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत करतोय, असं दाखवायला ती वेळ बरी होती. त्याने रस्सा अर्धा ठेवला, फोनमध्ये कार्ड सरकवलं.

घंटा एकदाही पुरती वाजली नाही. "कुठे आहेस?" जोमसुनचा, त्याच्या बायकोचा, आवाज आला.

"कुठे म्हणजे? कारखान्यात. आत्ताच जेवणाची..."

"बास. मला मे महिन्यापासून माहीत आहे. तुझ्या विजारीच्या दुमडीत पाइनच्या सुया सापडायच्या. शिवणयंत्रांना पाइनची झाडं लागतात का? ते नंतर बोलू. आधी ऐक. मेंग साहेब तुझ्याबरोबर आहेत का?"

"आहेत."

"दिसताहेत तुला? आत्ता?"

तो वळला. बाकावर दोन वाट्या होत्या. एक अर्धी, एक भरलेली.

"काल संध्याकाळी त्यांच्या घरच्या बाई आल्या होत्या," जोमसुन भराभरा बोलत होती. "पत्र आलंय त्यांचं टपालाने. लिहिलंय, मुलांना सांभाळ, मला शोधू नका, बानला मी खिंडीपर्यंत नीट पोचवतो. बाई रात्रभर इथे बसून होत्या. पोलिसांना कळवलंय, पण कुठल्या डोंगरावर, कुणाला ठाऊक? ग्युसिक, ऐकतोयस ना? त्यांचा हात सोडू नकोस. तू माझ्याशी सहा महिने खोटं बोललास, ते मी पोटात घालीन. पण त्या बाईला मला परत तोंड दाखवायचंय."

तीन दिवसांपूर्वी शिधा घ्यायला ते एका गावात उतरले होते. तिथे मेंग साहेबांनी लाल पेटीत पाकीट टाकलं होतं. "मेव्हण्याला," म्हणाले होते. ग्युसिकला ते आठवलं, आणि सकाळचे मोजे आठवले, आणि त्याच्या हातून फोन सुटला.

"आजी, माझ्याबरोबरचे कुठे गेले?"

"ते? वर गेले की, पलीकडच्या चढाने. म्हणाले, तू येतोयस मागून."

"एकशे एकोणीसला, बचाव पथकाला फोन करा. सांगा, माणूस जीव द्यायला गेलाय. साल्गू खिंडीपासून उत्तरेचा चढ. करा लवकर!"

पदराला हात पुसावे तसे म्हातारीने कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि फोनशी धावली. तो चढाला लागला तेव्हा मागून तिचा आवाज येत होता, "दोन तास? अरे, दोन तासांत काय व्हायचंय ते होऊन जाईल!"

त्या चढाबद्दल ग्युसिकला पुढे फारसं काही सांगता येत नसे. गुडघा होता की नव्हता, ते आठवत नाही म्हणायचा. मुळांना धरून, कोपरांवर, चारी पायांवर तो चढला. "साहेब!" अशी हाक मारायचा आणि श्वास धरून ऐकायचा. झाडांवरून पाणी गळायचं, बाकी काही नाही. पाऊस आता गार झाला होता, ऑक्टोबरातला, हाडात शिरणारा. अर्ध्या तासाने सपाटी आली आणि वाटेच्या कडेला मेंग साहेबांची सॅक दिसली.

ती फेकलेली नव्हती. ओकच्या बुंध्याला नीट टेकवली होती, वर प्लास्टिकचा कागद, कागदावर दगड. तांदूळ, स्टोव्ह, नकाशा, सगळं ग्युसिकला सापडावं म्हणून वरच्या कप्प्यात. ते बघून त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

वाट तिथे उजवीकडे वळत होती. डावीकडे, फिती नसलेल्या बाजूला, गवत ताजं दबलं होतं. तो तिकडे पळाला. पन्नास पावलांवर झाडं संपली, खडक आला, आणि खडकाच्या टोकाला पिवळा रेनकोट पाठमोरा बसलेला होता. त्यापुढे नुसतं पांढरं धुकं.

"साहेब."

"जा तू, बान." ते वळले नाहीत. "रस्सा संपव जा. वेळ लागला मला. वाटलं होतं, तू येईपर्यंत आटपेल. पण पाय उचलत नाहीत."

"बाई आमच्या घरी आल्यात. रात्रभर बसून आहेत."

मेंग साहेबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "ती यादी मी केली."

"कसली यादी?"

"एकोणीस नावांची. वरून नुसता आकडा आला होता. नावं मी लिहिली, माझ्या अक्षरात. सहा नावं लिहायला मला आठ दिवस लागले. कुणाची आई आजारी, कुणाचं लग्न ठरलेलं. सातवं नाव तुझं. ते मी एका झटक्यात लिहिलं. का माहितीये? म्हटलं, बान काही बोलणार नाही. बान तमाशा करणार नाही. यादी दिली, आणि पंधरा दिवसांनी त्यांनी विसावं नाव माझं घातलं."

ग्युसिक ओल्या खडकावर उभा होता. सहा महिने त्याला वाटत होतं, की हे पूर, भूकंप येतात तसं काहीतरी आलं. त्यात कुणाचा हात नव्हता. आणि तो हात रोज त्याच्या शेजारी बसून डबा खात होता.

"तू लिहिलंस?" तो म्हणाला. एकोणीस वर्षांत त्याने या माणसाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "तू? आणि उन्हाळाभर माझ्या डब्यातली कोबी खाल्लीस? माझी पोरगी कॉलेज सोडून दुकानात उभी राहायला निघालीय, आणि तू मला डोंगर दाखवायला आणलंस? मोजे दिलेस मला? मोजे?"

"हो."

"मग मर!"

तो वळला आणि चालू लागला. हे तो नंतर लपवत नसे. मी दहा पावलं गेलो, असं तो म्हणायचा, मोजून दहा. अकराव्या पावलाला त्याला आपल्या घरातली बैठक दिसली, उशीवर न टेकता बसलेली ती बाई दिसली, आणि तिला आपण काय सांगणार, याचं एकही वाक्य त्याला सुचेना. क्षमा वगैरे काही आली नव्हती मनात. नुसतं वाक्य सुचेना.

तो परतला. खडकावर पोटावर सरपटत पुढे गेला, कारण उभं राहायची त्याची छाती नव्हती, आणि मेंग साहेबांच्या रेनकोटची बाही त्याने मनगटाला पिळून धरली. दुसऱ्या हाताने त्यांचा कमरपट्टा.

"सोड."

"नाही सोडत."

"बान, तूसुद्धा जाशील."

"जाईन. माझा गुडघा गेलाय. मला एकट्याला खाली उतरता येत नाही. ठरवा काय ते."

ते तसेच राहिले. किती वेळ, ते दोघांनाही सांगता आलं नाही. पाऊस कमी होईना. मेंग साहेबांनी दोनदा हिसडा दिला आणि दोन्ही वेळा ग्युसिक त्यांच्याबरोबर वीतभर पुढे घसरला, तेव्हापासून त्यांनी हिसडा द्यायचं सोडलं. मग ग्युसिकचे दात वाजायला लागले. पुढे पुढे ते वाजायचेही थांबले आणि त्याला छान झोप यायला लागली. खडक आपल्या घरच्या खालून तापवलेल्या फरशीसारखा वाटायला लागला.

"बान. ए बान! इकडे बघ." मेंग साहेब आता वळले होते. "ओठ काळेनिळे पडलेत तुझे. डोळे उघड. हात चोळ, ऐकतोयस का? हे काय लावलंयस? तपासणी खात्यात झोपा काढायचास का असा?"

कारखान्यात कुणाचं बोट सुईखाली गेलं, की ते ज्या आवाजात ओरडायचे, तो हा आवाज होता. त्यांनी खडकावरून पाय वर घेतले, त्याला काखेत धरून झाडांतून सॅकपर्यंत ओढत आणलं, सॅकमधला स्वेटर त्याच्या अंगात कोंबला आणि स्टोव्ह पेटवायला लागले. तीन वेळा विझला. चौथ्यांदा पेटला. साखर घातलेलं गरम पाणी त्यांनी त्याला घोट घोट पाजलं. पाजताना ते रडत होते, पण तोंडाने शिव्याच देत होते. ग्युसिकने एवढं सगळं होईतो त्यांची बाही सोडली नव्हती. बोटं आखडून गेली होती, सोडायची म्हटली तरी सुटली नसती.

खिंडीकडे परतण्याइतकं बळ नव्हतं. ते पूर्वेच्या उताराने, पाण्याच्या आवाजाच्या दिशेने खाली निघाले. मेंग साहेब पुढे, त्यांच्या खांद्यावर ग्युसिकचा भार. उजेड मावळायच्या आत पाच-सहा घरांची वाडी लागली. पहिल्याच घराच्या पडवीत एक जोडपं पर्सिमनची फळं सोलून दोऱ्याला टांगत बसलं होतं. नवऱ्याने चाकू खाली ठेवला. बायको म्हणाली, "अगं बाई, आधी आत या, बूट राहू द्यात पायात!"

मुळ्याचा वाळका पाला घातलेली सोयाबीनची आमटी आणि भात त्यांच्यापुढे आला. घरमालकाने एकशे एकोणीसला कळवलं, की दोघे सापडले. मग ग्युसिकने मेंग साहेबांच्या बायकोला फोन लावला आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला. ते घेत नव्हते. पलीकडून काय आलं ते ग्युसिकला ऐकू आलं नाही. मेंग साहेब भिंतीकडे तोंड करून तीनदा "हं" म्हणाले, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी रिसीव्हर स्वतःच्या हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने बाई आणि त्यांचा भाऊ आले. त्यांनी साहेबांना नेलं. ते चार महिने इस्पितळात होते, आणि त्यानंतरही बरेच दिवस त्यांना घरात एकटं ठेवत नसत. ग्युसिक घरी आला तेव्हा जोमसुनने दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "चला, बुसानचे साहेब आले." त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या मुलीचं, बोरामचं, कॉलेज सुटलंच. ते तिने सहा वर्षांनी पुरं केलं.

ग्युसिक कपडे बाजाराच्या एका बोळात शिवणयंत्रं दुरुस्त करायला बसला. बायका यंत्र घेऊन यायच्या, तो डोळे मिटून ऐकायचा. वर्षं गेली. महारांगेचा उरलेला भाग दोघांपैकी कुणीच चालला नाही. मेंग साहेबांना एका इमारतीत पहारेकऱ्याचं काम मिळालं. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. ग्युसिक उचलायचा. गुडघा कसा आहे, थंडी किती आहे, बोराम काय म्हणते, असं बोलायचे. यादीचा विषय त्या दुपारनंतर कधी निघाला नाही.

"माफ केलंस का रे त्यांना?" एकदा जोमसुनने विचारलं.

ग्युसिक यंत्राच्या चाकात तेल सोडत होता. त्याने खरंच विचार केला. "नाही," तो म्हणाला. "पण रविवारी फोन उशिरा आला तर मला सुचत नाही काही."